नाकाचे माप आणि जातीचा उगम

१ मार्च १९०१ च्या रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात शिरगणती झाली. साताऱ्याच्या सरकारी शाळेत काही महिन्यांपूर्वीच नाव घातलेला भिवा रामजी आंबेडकर हा नऊ वर्षांचा मुलगा त्या रात्री एक आकडा होऊन कुठल्यातरी तक्त्यात जमा झाला. मालवणात जन्मलेला सात वर्षांचा गोविंद सदाशिव घुर्येही तसाच जमा झाला. दोघांच्याही नोंदीत जातीचा रकाना होता. त्या रकान्याचा अर्थ कसा लावायचा हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा ठाम विश्वास होता की, जात माणसाच्या नाकावरून ओळखता येते.

हा विश्वास कोठून आला, त्याने काय घडवले आणि तो कोणी मोडला, याचा हा इतिहास. मानवशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र ही तीन शास्त्रे एकमेकांहून वेगळी कशी, हे पाठ्यपुस्तकातील व्याख्यांपेक्षा या एका वादातून अधिक स्वच्छ दिसते.

अधिकाऱ्याचे नाव हर्बर्ट होप रिस्ली. जन्म १८५१ चा, सनदी सेवेत प्रवेश १८७३ मध्ये, नेमणूक बंगाल प्रांतात. १८८५ मध्ये त्या प्रांतातील जाती-जमातींच्या पाहणीचे काम त्याच्याकडे आले. तोवर जातींविषयी माहिती मिळवण्याच्या वाटा दोनच होत्या : धर्मग्रंथ वाचणे किंवा लोकांना विचारणे. ग्रंथ एक सांगत, लोक दुसरे सांगत, आणि शेजारच्या जातीचे लोक तिसरेच सांगत. रिस्लीला असा पुरावा हवा होता की ज्याला तोंड नाही. तो त्याला पॅरिसच्या पॉल तोपिनार या मानवशास्त्रज्ञाच्या पद्धतीत सापडला. या विद्येला मानवमिती म्हणतात. माणसाचे डोके, चेहरा, नाक, उंची धातूच्या कंपासाने मोजायची आणि त्या मोजमापांवरून वंश ठरवायचा, असा तिचा दावा होता.

नासिकांकाचे गणित सोपे आहे. नाकाच्या मुळापासून खालपर्यंतची उंची ५० मिलिमीटर आणि नाकपुड्यांच्या बाहेरील कडांमधील रुंदी ३५ मिलिमीटर असेल, तर ३५ ला ५० ने भागून १०० ने गुणायचे. नासिकांक ७० आला. ७० च्या खाली असेल तर नाक ‘अरुंद’, ७० ते ८५ असेल तर ‘मध्यम’, आणि ८५ च्या वर गेले की ‘रुंद’. बंगाल, वायव्य प्रांत आणि पंजाब येथील सुमारे ६,००० माणसांची अशी मोजमापे घेण्यात आली. १८९१ मध्ये ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगॉल’ या ग्रंथाचे खंड बाहेर पडले, आणि त्यांतले आकड्यांचे तक्ते पाहून युरोपातील विद्वान प्रभावित झाले.

त्या तक्त्यांतून रिस्लीने एक नियम काढला. एखाद्या जातीचे सामाजिक स्थान तिच्या सदस्यांच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे नाक जितके अरुंद, तितकी जात वरची. त्याच्या मते हा योगायोग नव्हता. उत्तरेकडून आलेले अरुंद नाकाचे आर्य आणि येथले रुंद नाकाचे मूळ रहिवासी यांच्या संघर्षातून जात जन्मली. जातिव्यवस्था हे त्या प्राचीन वंशभेदाचे जतन होते.

आपल्या मताला त्याने वेदांचाही आधार घेतला. आर्य लोक आपल्या शत्रूंच्या नाकांचा उल्लेख वारंवार करतात, असे त्याचे म्हणणे. वास्तविक ऋग्वेदात ज्या ‘अनास’ या शब्दावर ही सारी इमारत उभी होती, तो एकदाच येतो. मॅक्सम्युलरच्या पिढीने त्याची फोड ‘अ-नास’, म्हणजे बिननाकाचे, अशी केली. सायणाचार्यांनी मात्र ती ‘अन्-आस’, म्हणजे मुखरहित, अशी केली होती. धड बोलता न येणारे, निराळी भाषा बोलणारे, असा त्याचा आशय. संधी कोठे सोडवायचा एवढ्या एका प्रश्नावर एक वंश उभा राहिला.

रिस्ली केवळ पंडित असता तर हा वाद नियतकालिकांच्या पानांत विरून गेला असता. पण १८९९ मध्ये तो शिरगणतीचा आयुक्त झाला. १९०१ च्या गणतीत त्याने दोन गोष्टी केल्या. देशातील सर्व माणसे त्याने सात शारीरिक प्रकारांत वाटली. त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला ‘सिथो-द्रविड’ हा प्रकार आला : मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कुर्गचे कोडगू एकाच कप्प्यात, कारण त्यांची डोकी रुंद होती आणि ती शकांकडून आली असावीत असा त्याचा तर्क. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी ठरली. जातींची यादी वर्णानुक्रमाने न देता ती ‘स्थानिक लोकमताने मान्य केलेल्या’ प्रतिष्ठेच्या क्रमाने लावावी, असा त्याने आग्रह धरला.

सरकार कागदावर जातींची उतरंड लावते आहे, हे कळताच देशभर हलकल्लोळ झाला. पंजाब आणि संयुक्त प्रांतातील खत्र्यांना वैश्यांत टाकल्याचे समजले, तेव्हा त्यांनी सभा भरवून निषेध केला आणि आपले क्षत्रियत्व नोंदवून घेतले. बंगालमधील चाषी कैवर्तांनी ‘माहिष्य’ या नावाची मागणी केली. ठिकठिकाणी जातिसभा निघाल्या, वंशावळी छापल्या गेल्या, पंडितांची व्यवस्थापत्रे जोडली गेली. १९११ च्या गणतीच्या वेळी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अशा अर्जांचे वजन दीड मण भरले, असे तेथील गणती-अधीक्षक ओमॅली याने आपल्या अहवालात नमूद केले आहे.

राज्यशास्त्राच्या दृष्टीने हा प्रसंग मोलाचा आहे. पूर्वीही जातींमध्ये मानपानाचे तंटे होत. पेशवाईत ग्रामण्ये होत, शंकराचार्यांकडे वाद जात. पण ते तंटे गावाचे, फार तर प्रांताचे असत, आणि त्यांचे निर्णय जागोजागी निराळे असत. छापील तक्त्याने प्रथमच अखिल हिंदुस्थानला लागू होणारी एकच शिडी कल्पिली आणि त्या शिडीवर चढण्यासाठी लोकांना संघटित व्हायला लावले. राज्यसंस्थेने समाजाची पाहणी करता करता समाजाला नवा आकार दिला. हाच रिस्ली पुढे हिंदुस्थान सरकारचा गृहसचिव झाला आणि १९०४ मध्ये बंगालच्या फाळणीसंबंधी त्याने टिपणे लिहिली. अखंड बंगाल ही एक शक्ती आहे, ती विभागली की निरनिराळ्या दिशांना ओढली जाईल, असा त्यांतला हिशेब होता. माणसांचे गट पाडण्याची विद्या त्याला दोन्हीकडे उपयोगी पडली.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याच बंगालमधील पोलीस खाते गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मोजमापे वापरत होते. दोन माणसांनी घेतलेली एकाच कैद्याची मापे जुळत नाहीत, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात मोजमापांच्या जागी बोटांचे ठसे आले. एका चोराची ओळख पटवायला जे साधन पुरेसे विश्वसनीय वाटले नाही, त्यावर तीस कोटी लोकांचा वंशेतिहास बेतला जात होता.

*

नाकाच्या सिद्धान्तावरचा पहिला मोठा आघात न्यूयॉर्कमध्ये झाला, आणि तो साताऱ्याच्या त्या मुलाने केला. मोजमाप न करता केला, हे विशेष.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेथील मानवशास्त्र विभागावर फ्रान्झ बोआस यांची छाया होती. बोआस यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या युरोपीय कुटुंबांतील सुमारे १८,००० माणसांची मापे घेतली होती. त्यांत असे दिसले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार त्यांच्या आईबापांच्या डोक्याहून बदलतो. ज्या कवटीला हजारो वर्षांच्या वंशाची अढळ साक्षीदार मानले जात होते, ती एका पिढीत सरकत होती. बोआस यांचेच शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी एक निबंध वाचला. ‘हिंदुस्थानातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास’ हा त्याचा विषय. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापून आला.

त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि श्रीधर व्यंकटेश केतकर अशा चौघांच्या व्याख्या तपासल्या. केतकर म्हणजे ज्यांचा पुढे ज्ञानकोशकार म्हणून लौकिक झाला तेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना १९०९ मध्ये त्यांनी जातीच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला होता. चौघांपैकी केतकरांचीच व्याख्या आंबेडकरांना सर्वांत जवळची वाटली, कारण केतकरांनी एकेकट्या जातीकडे न पाहता जातींच्या व्यवस्थेकडे पाहिले होते. रंगाला आणि वंशाला युरोपीय अभ्यासकांनी जे अवास्तव महत्त्व दिले, त्याचे कारण आंबेडकरांनी त्या अभ्यासकांच्याच वर्णद्वेषी मनोवृत्तीत दाखवले.

मग त्यांनी प्रश्नच बदलला. जातीचे लोक दिसतात कसे, हा रिस्लीचा प्रश्न. जातीचे लोक लग्न कोणाशी करतात, हा आंबेडकरांचा. मानवमितीकडून समाजशास्त्राकडे झालेला हा प्रवास एका प्रश्नात मावतो.

त्यांचा युक्तिवाद असा. हिंदू समाजात मुळात बहिर्विवाहाचा नियम बळकट आहे : सगोत्र, सपिंड विवाह निषिद्ध. जिथे बाहेर लग्न करण्याची सक्ती आहे तिथे गट एकमेकांत मिसळत राहणार. जात तयारच होऊ शकणार नाही. तेव्हा या नियमावर कोणीतरी दुसरा नियम लादला असला पाहिजे, आणि तो म्हणजे अंतर्विवाह, विशिष्ट मोठ्या वर्तुळाच्या आतच लग्न करण्याचा. बहिर्विवाहावर अंतर्विवाहाची स्थापना, हीच जातीची उत्पत्ती.

परंतु वर्तुळ बंद ठेवणे सोपे नाही. आतल्या स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या साधारण सारखी असते. नवरा मेला की एक स्त्री ‘अतिरिक्त’ होते. बायको मेली की एक पुरुष. त्या विधवेने वर्तुळाबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते. वर्तुळाच्या आत पुन्हा लग्न केले, तर ती एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा वर घेते. म्हणून तिची विल्हेवाट लावावी लागते. एक मार्ग तिला नवऱ्याच्या चितेवर जाळण्याचा. दुसरा, तिला जिवंत ठेवून आयुष्यभर वैधव्य लादण्याचा. विधुराचे काय? पुरुषाला जाळणे समाजाला परवडत नाही. संन्यास सक्तीने देता येत नाही. त्याला बायको द्यायची, पण लग्नाच्या वयाच्या मुली मोजक्याच. मग अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी त्याला द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा गौरव धर्माच्या नावाने केला जातो, परंतु त्या आचरणात आल्या त्या जातीचे वर्तुळ बंद ठेवण्यासाठी, असा या निबंधाचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र ज्याला ठाऊक आहे, त्याला या कोरड्या गणितामागची माणसे लगेच दिसतील. केशवपन केलेल्या, माजघराच्या अंधारात बसलेल्या बालविधवा. चाळिशीच्या बिजवराला दिलेल्या दहा वर्षांच्या मुली. आगरकर, रानडे, पंडिता रमाबाई ज्यांच्याविषयी लिहीत-बोलत होते त्या या स्त्रिया. सुधारक हा स्त्रियांचा प्रश्न मानत होते आणि अस्पृश्यता हा निराळा प्रश्न मानत होते. आंबेडकरांनी दाखवले की एकाच कुलुपाच्या या दोन बाजू आहेत. हा निबंध त्यांच्या नंतरच्या ग्रंथांइतका वाचला जात नाही, ही खेदाची बाब आहे.

जात पसरली कशी, याचेही उत्तर त्यात आहे. मनूसारख्या कोणा एका स्मृतिकाराने ती लादली, हे त्यांना मान्य नव्हते. एका वरिष्ठ वर्गाने स्वतःभोवती कुंपण घातले. प्रतिष्ठेसाठी इतरांनी त्याचे अनुकरण केले. कित्येकांना बाहेर राहिल्यामुळे आपोआप स्वतःचे वेगळे वर्तुळ करावे लागले. अनुकरणाच्या या नियमासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला.

*

इकडे मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार. त्यांच्या शिफारशीने संस्कृतचा एक बुद्धिमान पदवीधर इंग्लंडला गेला : मालवणचे घुर्ये. केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे त्यांनी जातीवर काम आरंभले; १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले, तेव्हा ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली ते पूर्ण केले. १९२४ मध्ये घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९३२ मध्ये लंडनहून त्यांचा ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा ग्रंथ निघाला.

घुर्यांनी केलेली गोष्ट आंबेडकरांच्या अगदी उलट होती. त्यांनी प्रश्न बदलला नाही. रिस्लीचेच आकडे हाती घेतले आणि ते पुन्हा मांडले. नियम जर खरा असेल तर प्रत्येक प्रांतात ब्राह्मणाचे नाक सर्वांत अरुंद निघाले पाहिजे आणि अस्पृश्याचे सर्वांत रुंद. संयुक्त प्रांतात थोडेफार तसे दिसले. पण पंजाब, बंगाल, गुजरात, महाराष्ट्र, मद्रास येथे सामाजिक क्रम आणि शारीरिक क्रम यांचा मेळ बसेना. सर्वांत बोलके उदाहरण पंजाबचे. संयुक्त प्रांतातील ब्राह्मण हा आपल्याच प्रांतातील बहुतेक जातींपेक्षा पंजाबमधील खत्री आणि चुहडा यांना शरीराने अधिक जवळचा निघाला. चुहडा म्हणजे पंजाबातील सफाईचे काम करणारी, अस्पृश्य मानलेली जात.

त्याच सुमारास कलकत्त्यात एका पदार्थवैज्ञानिकाने हेच काम अधिक कठोर गणिताने केले. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राणिविज्ञान सर्वेक्षणाचे संचालक नेल्सन अॅनन्डेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियनांच्या मोजमापांचे विश्लेषण करण्याची विनंती केली. दोन गट एकमेकांपासून ‘किती दूर’ आहेत, हे अनेक मापे एकत्र घेऊन कसे ठरवावे, या प्रश्नाने महालनोबिस झपाटले गेले. बंगालमधील जाती परप्रांतांतील समकक्ष जातींपेक्षा एकमेकींनाच जवळच्या आहेत, हे त्यांना आढळले. पुढे रिस्लीचे मूळ आकडे तपासताना त्यांना त्यात चुकाही सापडल्या, आणि त्या दुरुस्त करून त्यांनी ‘संख्या’ या आपल्या नियतकालिकात छापल्या. आज संगणकशास्त्राचे विद्यार्थी ‘महालनोबिस अंतर’ नावाचे जे सूत्र शिकतात, त्याचा उगम या नाका-डोक्यांच्या मापांत आहे. हे थोड्यांनाच ठाऊक असते.

घुर्यांचा ग्रंथ निघाला ते १९३२ साल राजकारणातही निर्णायक होते. नव्या राज्यघटनेत अस्पृश्यांना प्रतिनिधित्व द्यायचे तर अस्पृश्य कोण आणि किती, हे आधी ठरवणे भाग होते. येथे सरकारने रिस्लीचा कंपास हाती घेतला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९३१ च्या गणतीचे आयुक्त जे. एच. हटन यांनी निराळ्या कसोट्या लावल्या. या जातीच्या माणसांना सार्वजनिक विहिरी, रस्ते, शाळा वापरता येतात का? देवळात प्रवेश मिळतो का? चांगले ब्राह्मण त्यांचे पौरोहित्य करतात का? त्यांच्या स्पर्शाने विटाळ मानला जातो का? आंबेडकर सदस्य असलेल्या लोथियन समितीने मंदिरप्रवेश आणि विटाळ या दोन कसोट्यांवर भर दिला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जे झाले, तेच आता कायद्याच्या भाषेत प्रश्न होऊन आले होते. शरीरात काय आहे हे न पाहता, त्या शरीराला पाण्यापर्यंत जाऊ देतात की नाही, हे पाहायचे ठरले.

या कसोट्यांवरूनही तीव्र संघर्ष झाला. संयुक्त प्रांत, बंगाल आणि बिहार येथे अस्पृश्यांची संख्या कमी असल्याचे, किंवा तिथे अस्पृश्यता जवळजवळ नसल्याचे अनेक सवर्ण पुढारी एकाएकी सांगू लागले. प्रत्येक आकड्यामागे कायदेमंडळातील जागा होती. सप्टेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण आणि २४ तारखेला पुणे करार झाला; १९३६ मध्ये अनुसूचित जातींची पहिली यादी निघाली. पाणवठा आणि मंदिर या निकषांतून आलेली ती यादी आजच्या यादीची पूर्वज आहे.

*

याच काळात बर्लिनमध्ये एक मराठी तरुणी कवट्या मोजत होती. घुर्ये यांची ती विद्यार्थिनी.

इरावती कर्वे, माहेरच्या करमरकर. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्म. नाव तेथल्या इरावती नदीवरून ठेवलेले. मुंबईत घुर्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला होता. त्यांचे पती दिनकर हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र. महर्षींनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या जातबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच विवाहातून दिनकरांचा जन्म. आंबेडकरांच्या निबंधातील भाषेत बोलायचे तर इरावतीबाईंच्या सासूबाई ‘अतिरिक्त स्त्री’ होत्या, आणि त्यांनी वर्तुळाचा नियम मोडला होता. त्याच महर्षींना सुनेचे शिक्षणासाठी इतक्या दूर जर्मनीला जाणे पसंत नव्हते, ही माणसाच्या स्वभावाची एक गंमत. दिनकररावांनी मात्र पाठबळ दिले.

बर्लिनमधील संस्था कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था. संचालक ऑयगेन फिशर. जर्मन वसाहत असलेल्या नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथच्या मिश्रवंशीय समाजावर १९१३ मध्ये पुस्तक लिहून त्याने नाव मिळवले होते. मानवी कवटीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते; युरोपीय कवट्यांत ही विषमता अधिक असावी आणि ती वरचढ बुद्धीची खूण असावी, अशी त्याची अटकळ होती. ती तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. सुमारे दीडशे कवट्या त्यांनी मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतील वसाहतींमधून आणलेल्या होत्या. निष्कर्ष स्वच्छ निघाला. विषमता सर्वच कवट्यांत आहे आणि तिचा वंशाशी संबंध नाही. परदेशी विद्यार्थिनीने आपल्याच संचालकाची अटकळ त्याच्याच संस्थेत खोटी ठरवली, आणि १९३० मध्ये पदवी घेऊन ती परतली. तीन वर्षांनी नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्या राजवटीत मोजपट्टीचे काय झाले, हे जगाला ठाऊक आहे.

आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात वंशाच्या सिद्धान्ताचा पुन्हा समाचार घेतला : पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परय्यर, यांच्यात वंशभेद कोणता? १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तर त्यांनी घुर्यांच्या पुस्तकातील मोजमापेच पुराव्यात घातली. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. रिस्लीने गोळा केलेले आकडे घुर्यांमार्फत आंबेडकरांच्या हाती आले आणि रिस्लीविरुद्ध वापरले गेले. घुर्ये आणि आंबेडकर यांचे राजकारण जुळणारे नव्हते. घुर्यांना जातिनिहाय राखीव जागांविषयी फार साशंकता होती. पण आकड्यांपुरते ते एका बाजूला उभे राहिले.

मोजपट्टी मात्र हद्दपार झाली नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आलेल्या इरावतीबाई महाराष्ट्रभर फिरून माणसे मोजतच होत्या, आणि या मोजण्यातून त्या आपल्या गुरूंशीच भांडल्या. जाती म्हणजे एका समाजाचे झालेले तुकडे, हे मत त्यांना पटेना. त्यांचे आवडते उदाहरण कुंभारांचे. महाराष्ट्रात ‘कुंभार’ या एका नावाखाली अनेक अंतर्विवाही जाती नांदतात : मोठे चाक फिरवणारे थोरचाके, लहान चाकाचे लहानचाके, चाकाविना हाताने घडवणारे हातघडे. त्यांची साधने वेगळी, वस्तीचे प्रदेश वेगळे, शरीराची मापेही वेगळी. एक जात फुटून हे झाले नसून वेगवेगळे मूळ गट एका व्यवसायाच्या नावाखाली शेजारी आले, असा त्यांचा निष्कर्ष. १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी’ या ग्रंथात तो विस्ताराने आहे. मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १९६८ मध्ये, त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एकच, वर्ण एकच. तरीही या आठ जाती एका मुशीतून आलेल्या दिसल्या नाहीत. नाकावरून जात ओळखू निघालेल्यांना याहून अवघड उत्तर मिळाले नसते. जात शरीरात अजिबात दिसत नाही असेही नाही, आणि जी दिसते ती उतरंडीच्या क्रमाने नाही.

आता कंपासाच्या जागी जनुकांचे वाचन आले आहे. २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्ड येथील संशोधकांच्या गटाने भारतातील अनेक समूहांचे नमुने तपासून असा अंदाज दिला की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील निरनिराळे लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. आज ज्यांना आपण वरच्या, खालच्या जाती किंवा आदिवासी म्हणतो, ते जवळपास सगळे त्या मिश्रणातून आलेले आहेत. मिश्रणाचे प्रमाण समूहागणिक कमी-अधिक आहे, आणि उच्च मानलेल्या जातींत उत्तर-पश्चिमेचा वाटा सरासरीने काहीसा जास्त आढळतो. पण मिसळण्यातून कोणीही सुटलेले नाही. त्यानंतर हे मिसळणे थांबले, आणि गट आपापल्या वर्तुळात लग्ने करू लागले. आधी बाहेर लग्न, मग आत लग्न. ९ मे १९१६ च्या निबंधात हा क्रम एकही नाक न मोजता मांडलेला आहे.